चार हातांवरची हाक

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. बाकी काही नाही. वरच्या गच्चीवर चादर वाळली होती, जाड, मीच विणलेली, एका कडेला नक्षी चुकलेली म्हणून कारखान्यातून घरी आणलेली. तिचे दोन कोपरे माझ्या हातात, दोन तिच्या.

मला ऐकू येत नाही. पॉवरलूमच्या कारखान्यात चाळीस वर्षं मागांमध्ये उभा राहिलो, त्यात कान गेले. बायको माझ्याशी समोर येऊन, तोंड मोठं उघडून बोलायची आणि मी ओठ वाचायचो. पण हातात चादर असली की ती बोलायची नाही, ओढायची. एकदा ओढलं तर पुढं या. दोनदा ओढलं तर थांबा, कोपरा चुकला.

त्या दिवशी तिनं दोनदा ओढलं.

"सारा जन्म चादरी विणल्या," कोपरे जुळवायला समोर आल्यावर ती म्हणाली, "आन् घडी घालाया येईना अजून."

"कारखान्यात घडीचं खातं येगळं असतंय," मी म्हणालो. "तितं बायका असत्यात."

"व्हय, तितं तर लई बघत हुतासा तुमी."

एवढंच बोलणं. तिनं चादर कपाटात ठेवली आणि आंघोळीला मोरीत गेली. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझी खाट, आत चूल, म्हणजे आता गॅस, आणि खाटेच्या मागं मोरीचं दार. खाटेपासून मोरी चार हात. मी खाटेवर रस्त्याकडं तोंड करून, मोरीकडं पाठ करून पायाची नखं काढत बसलो. दोन्ही पायांची काढली. मग उगीच रस्त्यावरची माणसं बघत बसलो. मग पायाला ओल लागली. खाली बघितलं तर मोरीच्या दारातून पाणी येऊन खाटेखाली साचलेलं.

ती घसरून पडली होती. डोकं नळाच्या कट्ट्याला लागलं होतं. डॉक्टरला मी विचारलं, लवकर आणली असती तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. मला वाटतं डॉक्टर लोकांना सगळं सांगता येतं, पण माणूस बघून सांगतात.

आमच्या शेजारी अक्का राहते. तेलुगू घरातली, माझ्यासारखीच एकटी पडलेली, घरी बसून विड्या वळते. भिंत एकच आहे आमची. तेराव्याला सगळी माणसं जेवून गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिचे ओठ हलले. "अण्णा, त्या दिवशी मी हाक ऐकली हुती. 'अवो' म्हनून. तुमी घरात हाय म्हनून मी..."

पुढचं मी वाचलं नाही. मान फिरवली. बहिऱ्या माणसाला एवढी सोय असते. त्यानं तोंड फिरवलं की समोरच्याचं बोलणं संपतं.

म्हणजे ती हाक मारत होती. माझं नाव तिनं जन्मात घेतलं नाही, आमच्यात बायका घेत नाहीत. 'अवो' म्हणायची. तशीच 'अवो' म्हणाली, आणि भिंतीपलीकडच्या बाईला ते ऐकू गेलं, आणि मी चार हातांवर नखं काढत बसलो होतो.

त्या दिवसापासून मला भीती लागली. भुताची नव्हे. भुतंखेतं मी वळसंगकडच्या माळावर पोरवयात मेंढरामागं फिरताना पुष्कळ ऐकली, एकही बघितलं नाही. ही भीती वेगळी. आत्ता, या मिनिटाला, कोणीतरी मला हाक मारतंय, असं वाटायचं. जेवताना वाटायचं. दाढी करताना वाटायचं. दर थोड्या वेळानं मी मान वळवून मागं बघायचो. मग खाटच फिरवली, मोरीकडं तोंड केलं. तर मोरीच्या दाराकडं बघवेना. मग दाराला बाहेरून कडी घातली आणि आंघोळ पुढं अंगणातल्या ड्रमपाशी, लुंगी नेसून करायला लागलो. लोक हसले असतील. मला ऐकू कुठं येतं.

पोरगी पुण्याला असते. तिनं कानाचं मशीन आणलं होतं मागंच. ते कानात घातलं की डोक्यात माग सुरू होतो. सगळं खडखडतं आणि शब्द एक कळत नाही. डॉक्टर म्हणाला, शिराच मेल्यात, मशीन काय करणार. ते सुपारीच्या डबीत ठेवलंय.

तिची आई गेल्यावर पोरगी म्हणाली, "आप्पा, घराला कुलूप लावा आन् माझ्याकडं चला."

"मी न्हाई येत."

"मग हितं तुमाला कोण हाय? पडलासा तर?"

"मी पडलो तर पडलो. दुसरं कोण पडायचं राहिलंय?"

हे मी लागेल असं बोललो. ती रडली. पण तिनं सोडलं नाही. कुठून तरी शोधून काढलं की पुण्याकडं एक संस्था आहे, बहिऱ्या माणसांसाठी कुत्री शिकवून देते. मी आधी चेष्टाच समजलो. आमच्या घराण्यात मेंढरं. कुत्रं म्हणजे मेंढरांच्या वाड्याबाहेर राखण करणारं. त्यानं उंबरा ओलांडला तर माझी आई शेणानं जागा सारवायची. आणि आता कुत्रं मला राखणार? पण पोरगी म्हणाली, "हे एक करा. न्हाई जमलं तर माझ्याकडं यायचं." तशी बोली झाली.

आठ दिवस पुण्यात राहिलो. तिथं शिकवणारी एक तरुण बाई, केस पोरासारखे कापलेले. मी तिला मास्तरीणबाई म्हणायला लागलो, तिला ते आवडलं. ती माझ्यापुढं बसून, सावकाश तोंड हलवून एकेक विचारायची. दाराची कडी वाजते का बेल? कुकर किती वेळा लावता? मोबाईल कुठं ठेवता? मग तिनं विचारलं, "घरी तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"

"कोण मारतंय आता?"

"आधी?"

मी सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. 'अवो.' आणि पोरगी म्हणते ते 'आप्पा'. ते अक्षर मी लिहिलेलं पहिल्यांदाच बघितलं.

तीन कुत्री दाखवली. पहिलं येऊन माझं तोंडच चाटायला लागलं. दुसरं माझ्याकडं बघेचना, मास्तरीणबाईकडंच बघत राहिलं. तिसरी एक तांबडी कुत्री, कुठल्याच जातीची नव्हे, एक कान फाटलेला, रस्त्यावरून उचलून आणलेली. तिनं माझे पाय हुंगले, मग फिरली आणि माझ्याकडं पाठ करून दाराकडं तोंड करून बसली.

"हिला तुम्ही पटलात आप्पा," बाई म्हणाली.

"पाठ फिरवली की तिनं."

"विश्वास असला तरच पाठ करतात."

 त्या दिवशी मीही मोरीकडं पाठ करून बसलो होतो.

तिचं तिकडचं नाव माझ्या जिभेला वळत नाही. मी तांबडी म्हणतो. काम असं: आवाज झाला की तांबडीनं माझ्याकडं यायचं, माझ्या गुडघ्याला पंजा लावायचा, मग आवाजाकडं चालायला लागायचं आणि मी तिच्या मागून जायचं. दार असेल तर दारापाशी, कुकर असेल तर कुकरपाशी. तिथं पोचल्यावर तिला खाऊ द्यायचा. मास्तरीणबाईनं बोट उगारून सांगितलं, "तिथंच द्यायचा. आधी नाही, नंतर नाही, दया आली म्हणून नाही." मी मान डोलावली. मला वाटलं, एवढं सोपं आहे होय.

सोलापुरात आलो आणि दुसऱ्याच दिवशी मी तिला मारलं.

दारात गॅसवाला आला होता. मी पाठमोरा बसलो होतो आणि गुडघ्याला काहीतरी लागलं. मी ओरडून उठलो आणि हाताचा फटका दिला. तिच्या फाटक्या कानावर बसला. ती खाटेखाली गेली. गॅसवाला दारात उभा राहून बघत होता.

आता हे सांगितलं पाहिजे. मागांच्या खात्यात कोणी कोणाला हाका मारत नाही, त्या खडखडाटात काही उपयोग नसतो. लांबून हातवारे करतात. मागून येऊन अंगाला हात लावला की समजायचं, काहीतरी वाईट झालंय. मागातला लाकडी धोटा उडून कोणाला लागला. कोणाचं बोट गेलं. माझी आई गेली तेव्हा मुकादमानं मागून येऊन खांद्यावर हात ठेवला होता. त्यानं तोंड उघडायच्या आत मला कळलं होतं. चाळीस वर्षं अंगाला हीच सवय. मागून लागलेला हात म्हणजे मरण. आणि मला दिलेली कुत्री दिवसातून दहा वेळा मागून हात लावणारी.

तिला मारल्याची मला लाज वाटली. मुक्या जनावरावर हात उगारला, तोही ते काम करत असताना. बायको असती तर दोन दिवस बोलली नसती. तिचा एक नेम होता. शेवटची लहान भाकरी कुत्र्याची. पायरीवर जाऊन गल्लीतल्या कुत्र्याला द्यायची, मग आपण जेवायची. दारी आलेल्याला तसंच घालवायचं नाही, मग तो दोन पायांचा असो की चार. मी ती भाकरी थापायला लागलो. माझी भाकरी वाकडी होते, पण होते. आणि तांबडीनं पंजा लावला की मी तिला तुकडा द्यायला लागलो. तिथंच, खाटेवर बसल्या बसल्या. पंजा लावला, तुकडा. घे बाई, चुकलं माझं. पंजा लावला, तुकडा.

कुत्री हुशार. महिन्याभरात तिला कळलं की कुकरची शिट्टी व्हायची वाट बघायची गरज नाही.

ती दिवसभर पंजा लावायला लागली. आणि मला कुठं कळत होतं की ती भाकरीसाठी लावतेय? प्रत्येक वेळी छातीत धस्स व्हायचं. उठायचो, दार उघडायचो, कोणी नाही. कुकर बघायचो, बंद. मोबाईल बघायचो, काळा. मग मोरीच्या कडीकडं बघत उभा राहायचो. परत येऊन तिला तुकडा द्यायचो, कारण ती माझ्याकडं बघत बसलेली असायची.

बाहेर मात्र ती सरळ वागायची. एकदा नव्या पेठेत कापडाच्या दुकानाजवळून चाललो होतो. तिच्या अंगावर संस्थेचं पिवळं जाकीट. दुकानातला एकजण गल्ल्यावरून बोलला, मी ओठ वाचले.

"का मामा, कुत्र्याला जाकीट आन् तुमच्या अंगावर फाटका सदरा?"

"ते कुत्रं न्हाई, माझे कान हाईत," मी म्हणालो.

"मग धाकट्या जावयाला बी असले कान घ्यावं म्हनतो. माझं बोललेलं ऐकतच न्हाई बे."

दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात तांबडी थांबली, मागं वळली. मीही वळलो तर रिक्षा अगदी टाचेला आलेली. बाजूला झालो. घरी येईपर्यंत मला वाटत होतं, चांगली आहे ही, माझंच काहीतरी चुकतंय. घरी आलो, बसलो, तिनं पंजा लावला, मी तुकडा दिला.

शेवटी मला उमगलं, एका दुपारी. ती पंजा लावून माझ्या ताटाकडं बघत होती. दाराकडं नव्हे. मला आधी बरं वाटलं. म्हणजे कोणी हाक मारत नाही, नुसती भूक आहे. मग दुसऱ्या क्षणाला मनात आलं, आता खरी हाक आली तर मला कसं कळणार? दोन्ही पंजे सारखेच. कुत्री आणायच्या आधी मी बहिरा होतो, आता दुप्पट बहिरा झालो होतो.

त्याच आठवड्यात मास्तरीणबाईचा निरोप मोबाईलवर आला. रविवारी तपासायला येते. घरात एकेक आवाज करून बघणार. काम बिघडलं असेल तर तांबडीला काही महिने परत नेणार आणि तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला देणार. मी पोरीला कळवलं नाही. बोली मला ठाऊक होती. तांबडी गेली की घराला कुलूप. आणि कुलूप लागलं की मोरीच्या त्या दारापलीकडं मी कधीच जाणार नाही, हे मला माहीत होतं. मला ते हवंही होतं आणि नकोही होतं.

मी उठायचं सोडलं. पंजा लागला की बसल्या जागी तुकडा टाकायचो. धस्स व्हायचं ते व्हायचंच, पण पाय हलवायचे नाहीत असं ठरवून टाकलं.

शुक्रवारी आमच्याकडं पाणी आलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. आलं की सगळी गल्ली बादल्या घेऊन पळते. आमचा नळ मोरीत. मी मोरीत जात नाही हे अक्काला ठाऊक होतं, पण ती कधी बोलली नाही. पाणी आलं की ती येऊन कडी काढायची, नळाला पाईप लावायची, माझा ड्रम भरायची, मग भिंतीवरून पाईप नेऊन स्वतःचा. तिच्या नळाला जोर नाही. काम झालं की कडी परत लावून जायची. फरशी घासणं हे तिचं काम नव्हे. माझं होतं. इतक्या महिन्यांत मी एकदाही घासली नव्हती. शहाबादी फरशी, वर हिरवा थर.

मी जेवायला बसलो होतो. अक्का पाईप घेऊन आत गेलेली मी बघितली. दोन घास खाल्ले आणि तांबडीनं पंजा लावला.

मी तुकडा टाकला.

तिनं परत लावला. मी तिच्याकडं न बघता दुसरा तुकडा टाकला. "बस की आता," म्हणालो.

तिसऱ्यांदा लावला, आणि या वेळी नखं रुतली. मी चिडून खाली बघितलं. दोन्ही तुकडे जमिनीवर तसेच पडलेले होते. तिनं तोंड लावलं नव्हतं. ती मोरीच्या दाराकडं निघाली होती आणि मान वळवून मला बघत होती.

माझ्या हातातला घास ताटात पडला. त्या वेळचं मी कसं सांगू?  चार हात. मी चार हात चालायला किती वेळ घेतला मला माहीत नाही. खाटेची दांडी धरली, मग भिंत धरली. दाराखालून पाणी येत होतं. ते पाणी बघितल्यावर मला वाटलं, मी परत त्याच दिवशी आलोय, आणि दार ढकललं की तीच असणार. मी उभा राहिलो. तांबडी माझ्या पायाला डोकं घासून परत दाराशी गेली. मी दार ढकललं.

अक्का फरशीवर बसलेली होती, एक पाय अंगाखाली दुमडलेला. पाईप सुटून पाणी उडत होतं. ती जिवंत होती. तिचं तोंड नुसतं चाललेलं, तेलुगू, मराठी, सगळं एकत्र.

"सावकाश," मी म्हणालो. "ओठ दिसू दे."

"मेले असते की मी!" ती म्हणाली. "किती हाका मारायच्या मानसानं? अण्णा, अण्णा करून गळा सुकला. तुमी बसा भाकरी चावत!"

मी नळ बंद केला. तिला काखेत धरून उठवलं, खाटेवर आणलं. घोटा सुजून आंब्याएवढा झाला होता. मी ओलं फडकं गुंडाळलं. गाठ नीट बसेना म्हणून तिनं ते फडकं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः बांधलं.

"तुमी फरशी घासत न्हाई म्हनून पडले मी," ती म्हणाली. "ती बी..." आणि थांबली.

या वेळी मी मान फिरवली नाही. तिच्यासमोर बसलो आणि जे इतके महिने विचारलं नव्हतं ते विचारलं. "तिनं किती हाका मारल्या त्या दिवशी?"

अक्कानं फडक्याची गाठ परत आवळली. मग म्हणाली, "दोन. 'अवो, अवो.' मग न्हाई."

"लगेच थांबली?"

"लगेच."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं न्हाई. 'चादर घेऊन या' म्हनतात ना, तशी." तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला, मला ओठ दिसावेत म्हणून. "मी बी उठले न्हाई अण्णा. मांडीवर विड्यांचं सूप हुतं. तंबाखू सांडंल म्हनून सूप उतरवायचा कंटाळा केला. म्हटलं, अण्णा हाय की घरात. तेराव्याला हेच सांगाया आले हुते, तुमी तोंड फिरवलंत."

 मला तिचा राग यावा असं वाटलं, आला नाही. इतके दिवस मी एकटाच तिथं बसलोय असं मला वाटत होतं, आणि भिंतीपलीकडं हीही बसलेली होती, मांडीवर सूप घेऊन.

जमिनीवर ते दोन तुकडे अजून पडलेले होते. तांबडी त्यांच्याजवळ बसली होती, पण खात नव्हती. ती मोरीच्या दाराकडं बघत होती.

"बिघडली न्हाई ती," अक्का म्हणाली. "तुमी बिघडलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी, शनिवारी, चहाच्या आधी मी मोरीची कडी काढली. एक विटकर घेतली, सोडा टाकला आणि गुडघे टेकून फरशी घासली. नळाच्या कट्ट्यापाशी हात थांबला. तिथं मी डोळे मिटून घासलं. हिरवं पाणी गटारात गेलं, परत घासली, परत पाणी टाकलं. वर आलेली फरशी काळीशार होती. तांबडी उंबऱ्यावर बसून बघत होती. 

मग अक्काला बोलावलं. ती लंगडत आली. मी मोरीत लाकडी स्टूल ठेवलं आणि तिला बसवलं.

"आता काय करायलाव तुमी?" तिनं विचारलं.

"तू हितनं हाक मारायची. मी खाटेवर बसतो."

"काय म्हनू?"

"अवो म्हण. तिला तेच शिकवलंय."

"अय्यो!" तिनं दोन्ही हात गालाला लावले. "जीभ झडंल माझी. नवऱ्याला म्हनतात ते. गल्लीत कोणी ऐकलं तर या वयात वरात काढतील."

"मग?"

"अण्णाच म्हनते. तांबडी काल आलीच की माझ्या हाकेला, न शिकवता."

ते खरं होतं. मी विचारलं, "उद्या मास्तरीणबाईला काय सांगू?"

"खरं सांगा. भाकरी घालून घालून मीच चुकलो म्हना. ती नेणार असंल तर नेईल. तोवर बसा तिकडं."

मी सदऱ्याच्या खिशात भाकरीचे तुकडे घेतले. खाट फिरवली, जशी पहिली होती तशी, रस्त्याकडं तोंड, मोरीकडं पाठ. त्या दिवसानंतर मी तसा पहिल्यांदा बसलो. सगळं अंग पाठीत गोळा झाल्यासारखं वाटलं. मागं बघायचं नाही असं ठरवलं आणि हात मांडीखाली दाबून धरले.

लगेच पंजा लागला. मी खाली बघितलं. ती माझ्या खिशाकडं बघत होती. दया आली, पण हात मांडीखालून काढले नाहीत. तिनं परत लावला. मी रस्त्यावरच्या भाजीच्या गाड्याकडं बघत राहिलो. ती बसली.

किती वेळ गेला माहीत नाही. भाजीवाला पुढं गेला. एक बाई पोराला ओढत शाळेकडं गेली. माझ्या मागं, चार हातांवर, कोणीतरी मला हाक मारत होतं की नव्हतं, मला काहीच कळत नव्हतं. 

मग गुडघ्याला पंजा लागला. मी वळलो. तांबडी खिशाकडं बघत नव्हती. ती निघाली होती.

मी उठलो आणि तिच्या मागून गेलो. भिंत धरली नाही. मोरीच्या दारात अक्का स्टुलावर बसलेली, तोंड हाकेसाठी अजून उघडंच. मी आत गेलो, नळाच्या कट्ट्यापाशी उभा राहिलो आणि तिथं तांबडीला तुकडा दिला. तिनं तो खाल्ला.

"परत," अक्का म्हणाली.

मी परत जाऊन पाठ करून बसलो.